जिन्यातला सोफा

"आपण पुरेसे गरीब दिसत नाही," जावई म्हणाला, आणि रविवारच्या सकाळची शांतता तिथेच संपली.

बातमी आणली होती मुकीनं. मुकी म्हणजे मास्तरांची लेक. तीन वर्षांची होईपर्यंत तिनं तोंडातून शब्द काढला नव्हता म्हणून घरात हे नाव पडलं, आणि आता तीच मुकी मदत-संस्थेत दुभाषी होती, बोलण्याचाच पगार घेत होती. खालच्या मजल्यावरून धावत वर येऊन तिनं दारातच सांगितलं, की शाळेला पैसे देणारे परदेशी पाहुणे काल रात्री येऊन पोचलेत, आणि आज दुपारी त्यांना निर्वासितांचं एखादं घर बघायचंय.

"मग बघू देत की," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"आपलं घर, आई."

"आपलंच का?"

"शाळेपासून जवळ आहे म्हणून. आणि बाबा तिथं शिकवतात म्हणून."

मास्तर वर्तमानपत्राच्या आडून बाहेर आले. शाळा म्हणजे गल्लीच्या मागच्या बाजूचं टायरचं जुनं गोदाम. सीमेपलीकडून आलेल्या मुलांसाठी संस्था तिथं दुपारचे वर्ग भरवायची आणि मास्तर त्यात भूगोल आणि गणित शिकवायचे. पुढच्या वर्षी हे वर्ग चालवायचे की बंद करायचे, ते आज आलेले पाहुणे ठरवणार होते. बंद करा म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं, की ही माणसं आता इथं रुळली. तिकडे डोंगराच्या पायथ्याशी लोक अजून तंबूत राहतात, पैसा तिकडे जाऊ दे.

"त्यांचं अगदीच चूक नाही," मास्तर म्हणाले.

"बाबा, हे त्यांच्यासमोर बोलू नका."

"म्हणून तर म्हणतो," जावयानं पुन्हा सूत्रं हातात घेतली, "आपण पुरेसे गरीब दिसत नाही."

जावई इथलाच, याच देशातला. लिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. संस्थेच्या कचेरीतल्या लिफ्टमध्ये मुकी अडकली होती आणि आतून दोन भाषांत ओरडत होती, तेव्हा त्यानं तिला बाहेर काढलं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. हे घर त्याच्या आईचं. त्या, म्हणजे विहीणबाई, तळमजल्यावर राहायच्या आणि वरचा मजला मास्तरांच्या कुटुंबाकडे भाड्यानं होता. त्यामुळे दोन्ही घरांत सोयरीकही होती आणि घरमालक-भाडेकरूंमधली कुरबूरही. जावई मात्र दोन्हीकडे जेवायचा.

आत्यानं कपाटातून भरतकामाचा मेजपोस काढून झटकला. ही मास्तरांची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून शिवणकाम करून भावाच्या घरी राहिलेली आणि भावाचं घर चालवलेली. देश सोडताना पुलावर सैनिकांनी सामान टाकायला लावलं, तेव्हा तिनं शिवणयंत्रावर बसकण मारली होती. ते यंत्र आजही खिडकीपाशी होतं.

"चांगले कप काढते," ती म्हणाली. "आणि दादा, तो शर्ट बदल."

"आत्या, कप नकोत," जावई म्हणाला. "मेजपोस तर नकोच. फुटका कप असेल तर बघा."

"जावईबापू, पाहुणे यायचे म्हणून माणसं घर मांडतात. मोडत नाहीत."

"मांडलेलं घर बघून पाहुणे म्हणतील, छान चाललंय यांचं. आणि पैसे घेऊन तंबूवाल्यांकडे जातील."

"जाऊ देत. त्यांनाही गरज असेल."

"मग बाबांनी काय करायचं?"

 इथं आल्यावर पहिली काही वर्षं मास्तरांना काम करायची परवानगी नव्हती. ते रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी बसायचे आणि कुठंच जायचे नाहीत. कंटाळा आला की घरातल्यांचं व्याकरण तपासायचे. व्याकरणाचं एक वेळ सोसलं असतं. पण तो इस्त्रीचा शर्ट आत्याला बघवायचा नाही.

"मला वाटतं दोघांचंही बरोबर आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. जो हरत असेल त्याच्या बाजूला जायचं, हा त्यांचा संसारातला नियम होता, आणि कोण हरतंय ते अजून कळत नव्हतं. "पण सोफा जरा डोळ्यांत येतो, नाही म्हटलं तरी."

सगळ्यांनी सोफ्याकडे पाहिलं. गडद लाल, चामड्याचा, कडेनं पितळी खिळे. एका बँकेनं नवं फर्निचर घेतलं तेव्हा लिफ्टवाल्याला हा बक्षीस मिळाला होता. त्यावर बसलेला माणूस, कितीही फाटका असला तरी, मॅनेजर दिसायचा.

"तेवढा एक खाली आईकडे नेऊ," जावई म्हणाला. "पाहुणे गेले की परत आणू."

"मी खोट्यात नाही," आत्या म्हणाली आणि तिनं भावाकडे पाहिलं. अशा वेळी मास्तर सचोटीवर काहीतरी बोलायचे. घरातल्यांना ते पाठ होतं आणि आज तिला ते ऐकायचं होतं.

मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ती नीट बसली नाही म्हणून परत उलगडून घातली.

"न्या खाली," ते म्हणाले.

एवढंच म्हणाले. पुढं बोधवाक्य आलं नाही. दादा घाबरलाय, हे आत्याच्या ध्यानात आलं आणि तिनं मेजपोस परत कपाटात ठेवला. मग पुढं होऊन सोफ्याच्या एका टोकाला स्वतःच हात घातला.

*

लिफ्ट वर-खाली करण्यात जावयाचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे सोफा ही त्याला मामुली गोष्ट वाटली.

"वजनाचं मला सांगू नका," तो पाठीमागं चालत जिना उतरताना म्हणाला. "वजन हा माझा विषय आहे."

"तुझी वजनं सरळ रेषेत जातात," वरून मास्तर म्हणाले. "जिन्याला वळण असतं."

ते वळणावरच अडलं. सोफा वर आला तेव्हा जिन्याला कठडा नव्हता. मागच्या वर्षी विहीणबाईंनी लोखंडी कठडा बसवून घेतला, आणि ही गोष्ट घरातल्या एकाच्याही डोक्यात आली नाही. सोफ्याचं एक टोक भिंतीला टेकलं, दुसऱ्याचा पाय कठड्याच्या गजांत शिरला. खाली जाईना, वर येईना. जावयानं उजवीकडून ढकललं, मग डावीकडून. मग त्यानं थोडं लांब होऊन, डोकं कलतं करून त्याच्याकडे पाहिलं. बंद लिफ्टकडे तो असंच पाहायचा, आणि गिऱ्हाईकाला वाटायचं की आता हा काहीतरी करणार.

"काय?" मुकीनं विचारलं.

"अडकलाय," तो म्हणाला.

"हे कळायला इतका वेळ?"

तेवढ्यात खालचं दार उघडलं. विहीणबाई बाहेर आल्या, हातात बादली आणि फरशी पुसायचं फडकं, साडीचा काठ घोट्यापर्यंत ओला. त्यांच्या न्हाणीघरातला नळ भिंतीच्या आतून गळत होता आणि सकाळपासून त्या पाणी उपसत होत्या.

"मला गच्चीवर जायचंय," त्या म्हणाल्या. "फडकी वाळत घालायचीत."

"आई, जरा थांब. सोफा अडकलाय."

"कुठं निघाला होता?"

जावयानं सांगितलं. विहीणबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे श्रीमंती माझ्याकडे आणून टाकायची आणि मदत वर घ्यायची," त्या म्हणाल्या. "गेल्या हिवाळ्यात वर ब्लँकेटं आली, स्टोव्ह आला. माझी भिंत गळतीय, मला विचारायला आलं का कोणी?"

"आई, मी म्हटलं ना, नळ करून देतो."

"तू म्हणतोस. संस्था करते. तेवढाच फरक."

"विहीणबाई, स्टोव्ह तुम्ही नेला असतात तरी चाललं असतं," वरून आत्या म्हणाली. "मी तेव्हाच म्हटलं होतं."

"दुसऱ्याचा आलेला स्टोव्ह मी कशाला नेऊ?"

"मग आता बोलता कशाला?"

"माझा जिना आहे, आत्याबाई. माझ्या जिन्यात मी बोलेन."

आणि जिना आपला आहे हे सिद्ध करायला म्हणून त्या चार पायऱ्या चढल्या, बादली ठेवली आणि सोफ्यावर बसल्या. सोफा जिथं अडकला होता तिथं, बसायच्या दृष्टीनं, अगदी नेमका समपातळीत होता. विहीणबाईंचं वजन पडल्यावर कठड्यानं एक कुरकुर केली आणि सोफा आणखी दोन बोटं रुतला.

"झालं," जावई म्हणाला.

खालचं फाटक वाजलं. पाहुणे लवकर आले होते.

*

दोघं होते. एक उंच गृहस्थ, पाठीवर पिशवी. आणि त्यांच्यापुढं एक पिकल्या केसांच्या बाई, ज्यांच्याकडे बघताच कळायचं की अशा जिन्यांवर या पुष्कळ चढल्यात. त्या दोन पायऱ्या चढून थांबल्या. पुढं वाट नव्हती. समोर लाल सोफा, त्यावर ओल्या साडीतली म्हातारी, सोफ्याच्या पलीकडे वरच्या पायऱ्यांवर मास्तर, मास्तरीणबाई आणि आत्या, आणि अलीकडे भिंतीला चिकटलेले मुकी आणि तिचा नवरा.

पाहुणीबाईंनी नमस्कार केला आणि विचारलं, हा सोफा कुठं चाललाय.

मुकीनं प्रश्न आपल्या भाषेत सांगितला. नोकरीच्या पहिल्या दिवशी तिच्या साहेबांनी तिला बजावलं होतं, की दुभाष्यानं पदरचं घालायचं नाही आणि दुसऱ्याचं गाळायचं नाही. आजवर हे तिला सोपं गेलं होतं. कारण आजवर घरचं कोणी बोललं नव्हतं.

"विकायला," जावई म्हणाला, आणि त्यानं एक सुस्कारा सोडला. सुस्कारा चांगला जमला होता. "काय करणार. इलाज नाही."

मुकीनं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. लहानपणी फुटत नव्हता तसाच.

"विकायला नाही," सोफ्याच्या पलीकडून आत्या म्हणाली. "तुम्ही येणार म्हणून लपवायला."

जावयानं डोळे मिटून घेतले. मास्तरीणबाईंनी आत्याचा पदर ओढला, पण आता उशीर झाला होता. मुकीनं मान वर करून वडिलांकडे पाहिलं. मास्तर वरच्या पायरीवर उभे होते. शर्टाच्या खिशात पाहुण्यांसाठी लिहून ठेवलेल्या भाषणाचा कागद दिसत होता. त्यांचा चेहरा उतरला होता.

"जसं आहे तसं सांग," ते म्हणाले.

मुकीनं सांगितलं. क्रमानं सांगितलं: माझा नवरा म्हणतो, विकायला. माझी आत्या म्हणते, लपवायला.

पाहुणीबाईंनी एकदा जावयाकडे, एकदा आत्याकडे पाहिलं. मग हसल्या, पण टिंगलीनं नाही. त्या काही बोलल्या आणि मुकीनं ते घरच्यांना सांगितलं: "त्या म्हणतात, मी जाते त्या घरात भिंतीवर एक स्वच्छ चौकोन असतो. तिथलं कपाट मी येणार म्हणून हलवलेलं असतं. मी कधी विचारत नाही. पण कपाट वाटेत भेटलं असं आज पहिल्यांदाच झालं."

उंच गृहस्थ हसले नाहीत. ते सोफ्यावरच्या पितळी खिळ्यांकडे बघत होते.

आता पाहुणीबाई विहीणबाईंकडे वळल्या. ओली साडी, बादली, फडकं. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"त्या विचारतात," मुकी आपल्या सासूला म्हणाली, "की आजी, तुम्ही सीमेपलीकडून केव्हा आलात?"

 आता ब्लँकेटं निघणार, जावयाच्या मनात आलं. ब्लँकेटं, मग स्टोव्ह, मग नळ, आणि शाळा संपली.

विहीणबाईंच्याही मनात तेच आलं होतं. त्यांनी आपल्या साडीच्या काठाकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, आणि आधी त्यांना संताप आला. मला निर्वासित समजतात, माझ्याच घरात. या लोकांपैकी कोणी भेटलं तर काय सुनवायचं ते त्यांनी कधीचं तयार करून ठेवलं होतं, भांडी घासताना शंभरदा म्हणून पाहिलं होतं. आता ते लोक समोर उभे होते. आणि ती बाई उत्तराची वाट बघत होती, खरोखर ऐकायचंय अशा चेहऱ्यानं. तसं त्यांना किती दिवसांत कोणी विचारलं नव्हतं.

"मी कुठून आले नाही," त्या म्हणाल्या. "हे घर माझं. ही वरची माणसं माझे व्याही. पण तुम्ही विचारलंतच, तर सांगते. सूनबाई, नीट सांग हं, काही गाळू नकोस."

"नाही गाळत, आई."

"माझी मोरी मागच्या बाजूला आहे. तिथं भिंत, आणि भिंतीपलीकडे यांची शाळा. हे मास्तर घरात बोलतात ते आपल्याला नीट ऐकूसुद्धा येत नाही, पण वर्गात नद्या शिकवतात त्या चार गल्ल्यांना ऐकू जातात. भांडी घासता घासता यांच्या देशातल्या सगळ्या नद्या मला पाठ झाल्यात. माझ्या देशातल्या येत नाहीत, कारण मला कोणी शिकवल्या नाहीत."

मास्तरांनी वरून वाकून पाहिलं. त्यांचा आवाज सुरू झाला की विहीणबाई धाडकन खिडकी लावतात, अशी त्यांची इतकी वर्षं समजूत होती.

"आमच्या गल्लीतल्या शाळेत गणिताला माणूस नाही," विहीणबाई पुढं म्हणाल्या. "बदली झाली, दुसरा आला नाही. दुपारभर पोरं उनाडतात. त्या गोदामाच्या भिंतीवर चढून आत बघत बसतात आणि चौकीदार त्यांना हाकलतो, ही तुमची शाळा नाही म्हणतो. आज ती पोरं नुसती बघतात. उद्या दगड मारतील. मग तुम्ही कुठल्या तरी दुसऱ्या संस्थेला पैसे पाठवाल, भांडण मिटवायला. त्यापेक्षा शाळा ठेवा आणि भिंतीवरच्यांना आत घ्या."

मुकीनं सांगितलं. तिचा आवाज सुरुवातीला लागत नव्हता, पण शेवटी शेवटी तो मास्तरांच्या नद्यांसारखा स्वच्छ झाला.

उंच गृहस्थ पहिल्यांदाच बोलले. हा निधी निर्वासितांसाठी आहे. इथल्या मुलांवर खर्च करायचा नियम नाही.

"नियम यांच्याच घरचा आहे का?" विहीणबाईंनी विचारलं.

"हो म्हणतात. त्यांच्या वरिष्ठांचा," मुकी म्हणाली.

"मग वरिष्ठांना सांगा, एकदा माझ्या मोरीत येऊन उभे राहा. भिंत किती पातळ आहे ते कळेल."

पाहुणीबाई म्हणाल्या की वचन देता येणार नाही. पण त्या निघाल्या नाहीत, पायरीवरच बसल्या. तोवर आत्या वर जाऊन चांगले कप घेऊन आली होती. सोफ्यावरून हातोहात चहा खाली गेला. मधे बसलेल्या विहीणबाई प्रत्येक कप घेऊन पुढं देत होत्या, आणि एक कप त्यांनी पुढं दिलाच नाही, स्वतःकडे ठेवला. वरच्या खोल्या पाहुण्यांनी शेवटपर्यंत पाहिल्या नाहीत. भाषणही झालं नाही. मास्तर म्हणाले ते एकच वाक्य, तेही विहीणबाईंना.

"नद्या बरोबर क्रमानं येतात ना तुम्हाला?"

"मला येतात. तुमच्या पोरांना येत नाहीत," विहीणबाई म्हणाल्या. "तिसरी रोज चुकतात."

*

पाहुणे गेल्यावर कठडा खोलावा लागला. सोफा वरच गेला, कारण तो खाली न्यायचं आता काही कारणच उरलं नव्हतं. त्या संध्याकाळी जावयाशी घरात फारसं कोणी बोललं नाही. त्यानं मुकाट्यानं हत्यारं काढली आणि आईच्या न्हाणीघरातली भिंत फोडून नळ बसवून दिला. मास्तरीणबाईंनी मात्र त्याला वाढताना जास्तीचं वाढलं. हरणाऱ्याची बाजू आता स्पष्ट झाली होती.

उत्तर यायला बरेच आठवडे लागले. त्या काळात मास्तर पुन्हा वेळी-अवेळी खिडकीशी बसू लागले. आत्या पाहायची. एकदा शिवता शिवता तिनं यंत्र थांबवलं.

"मी तोंड मिटून बसायला हवं होतं का, दादा?"

"तू पुलावरही बसली नव्हतीस मिटून," मास्तर म्हणाले. मग म्हणाले, "खाली न्या म्हणालो, त्याची मला लाज वाटते. तू बोललीस त्याची नाही."

यंत्र पुन्हा सुरू झालं.

मग एके दिवशी मुकी कचेरीतून लवकर घरी आली आणि तिनं जिन्यातच थांबून सांगितलं, म्हणजे खाली आणि वर एकदमच ऐकू जावं. शाळा एक वर्ष चालणार. गल्लीतली मुलं घेणार. त्या बदल्यात यंदाच्या हिवाळ्यातली मदत कापलीय. ब्लँकेटं येणार नाहीत.

"वर्षभरच?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"वर्षभरच, आई. पुढचं पुढं."

खालच्या दारात विहीणबाई उभ्या होत्या. "ब्लँकेटं बंद, नळ दुरुस्त," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरीखुरी नाराजी होती. "आता मी बोलू कशावर?"

"सुचेल काहीतरी, विहीणबाई," वरून आत्या म्हणाली. "आणि नाहीच सुचलं तर चहाला वर या. इथं विषय पुष्कळ आहेत."

*

पहिल्या दिवशी गल्लीतली मुलं आणून सोडायचं काम विहीणबाईंनी आपल्याकडे घेतलं. चौकीदारानं त्यांना फाटकात अडवलं नाही. अडवून पाहायची त्याची छाती झाली नसावी. मुलं आत शिरली आणि गोदामाच्या एका बाजूला घोळक्यानं बसली. दुसऱ्या बाजूला रोजची मुलं. मधे रुंद पट्टा मोकळा. भाषा तीच, हेल तेवढा वेगळा. पण कोणी बोलतच नव्हतं, त्यामुळे तोही कळत नव्हता. विहीणबाई मुलांना सोडून परत जाणार होत्या. त्या मागच्या बाकावर टेकल्या आणि तिथंच राहिल्या.

मास्तर फळ्यापुढं उभे राहिले.  सुरुवात कशी करावी ते त्यांना सुचेना. तेव्हा कुठलाही मास्तर कुठल्याही पहिल्या दिवशी जे विचारतो तेच त्यांनी विचारलं.

"इथं नवीन कोण कोण आहे? हात वर करा बघू."

आणि कसा करायचा ते दाखवायला त्यांनी स्वतःचा हात वर केला.

रोजच्या बाजूचे सगळे हात वर झाले. एकही राहिला नाही. इथं आल्यापासून त्या मुलांना प्रत्येक दारात, प्रत्येक रांगेत हाच प्रश्न विचारला गेला होता आणि त्यांचे हात आपोआप वर जायचे. एका मुलीचा जन्म सीमेच्या अलीकडचा, याच गल्लीतला. तिनंही हात वर केला होता.

गल्लीतली मुलं त्यांच्याकडे बघत राहिली. मग त्यांच्यातली एक, गुडघ्याला खपली धरलेली, उभी राहिली.

"सर, हे तर रोजचेच आहेत," ती म्हणाली. "आज नवीन आम्ही आहोत."

तिनं हात वर केला. मग तिच्या शेजारच्यानं. मग त्या बाजूचे एकेक करत सगळे. आणि मागच्या बाकावर, जराशा अवघडून, पदर सावरत, विहीणबाईंनीही हात वर केला.

आता गोदामात खाली असा एकही हात नव्हता. मुलं एकमेकांकडे बघायला लागली आणि कुठून तरी हसू फुटलं, ते मधला मोकळा पट्टा ओलांडून पलीकडे गेलं.

"हात खाली," मास्तर म्हणाले.

सगळ्यांनी घेतले. मास्तरांचा स्वतःचा तेवढा वरच राहिला.